अपघात, पोलीस ठाणे आणि आपला कागद

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात मुलुंड येथे दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, वयोवृद्धांचा सत्कार झाला, आणि भोजनापूर्वीचा अर्धा तास आता आमच्या वाट्यास आला आहे. अशा मंगल प्रसंगी विद्या, ऐक्य वा संस्कार यांपैकी एखादा विषय घ्यावा असा संकेत आहे, आणि कार्यवाहांनीही आम्हांस तसेच सुचविले होते. परंतु विद्येविषयी आम्ही आयुष्यभर वर्गात बोलत आलो. आज आपल्या घरांना ज्याची खरी निकड आहे असा एक रुक्ष विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. रस्त्यावर मोटारीचा अपघात झाला असता पोलीस ठाण्यातून कोणता कागद, केव्हा आणि कसा मिळवावा, हा तो विषय होय.

आम्ही वकील नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालो आणि मास्तर म्हणूनच निवृत्त झालो. जे सांगणार आहोत ते कायद्याची पुस्तके चाळून, जाणत्यांस विचारून, आणि ज्ञातीतील काही कुटुंबांसमवेत पोलीस ठाण्याच्या बाकावर तासन्‌तास बसून गोळा केलेले आहे. त्या बाकावरही पुष्कळ शिक्षण होते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घराघरांत इतकी मुरलेली आहे की, पोलीस ठाण्याची पायरीही आपण तीतच धरतो. दोन भावांत बांधावरून तंटा असेल तर ती म्हण अक्षरशः खरी मानावी. परंतु अपघाताची नोंद म्हणजे तंटा नव्हे. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाची जन्मतारीख लिहिली जाते, तेव्हा आपण कोणाशी भांडत नाही. पुढे साठ वर्षे ती तारीख उपयोगी पडावी म्हणून लिहितो. अपघाताच्या नोंदीचेही तसेच आहे. ती झाली नाही तर पुढे घडलेली गोष्ट घडलीच नव्हती असे म्हणावयास समोरचा मनुष्य मोकळा होतो, आणि विमा कंपनी तर तेवढ्याचीच वाट पाहत असते.

अपघात दुसऱ्या कोणाच्या घरी होतो, अशी आपली समजूत असते. मुलुंडकरांनी तरी ती सोडून द्यावी. २०२४ च्या जुलै महिन्यात येथे पश्चिमेस डंपिंग रोडवर एका भारी किमतीच्या मोटारीने दोन रिक्षांस धडक दिली, आणि रिक्षाचालक व प्रवासी जखमी झाले. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या पहाटे, पूर्वेस गव्हाणपाडा भागात मंडळाचा फलक लावीत असलेल्या दोघा कार्यकर्त्यांस दुसऱ्या एका मोटारीने उडविले. त्यांतील एक तरुण प्राणास मुकला. दोन्ही प्रसंगी मोटारी निघून गेल्या आणि पोलिसांनी पुढे चालकांचा माग काढला. साऱ्या देशाचा हिशोब पाहू गेल्यास २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ अपघात आणि त्यांत १,६८,४९१ मृत्यू, असे केंद्र सरकारच्याच अहवालात नमूद आहे. वर्तमानपत्रांत गाजलेल्या अपघातांत कागदपत्रे आपोआप होतात, कारण सर्वांचे डोळे तिकडे लागलेले असतात. ज्याची बातमी होत नाही अशा अपघाताविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

आपल्या ज्ञातीतील एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या संमतीने, पण नाव न घेता, सांगतो. २०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. घरचा कर्ता मुलगा, ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर, सायंकाळी दुचाकीवरून परतत असता महामार्गालगतच्या रस्त्यावर एका मोटारीची त्यास धडक बसली आणि डाव्या पायाचे हाड मोडले. मोटारवाले गृहस्थ पळाले नाहीत. त्यांनीच त्यास उचलून एका खाजगी रुग्णालयात नेले, पहिले बिल भरले आणि मुलाच्या आईस हात जोडून सांगितले, “मावशी, पोलिसांत जाऊ नका, मी काही कमी पडू देणार नाही.” दाखल करताना डॉक्टरांनी कारण विचारले तेव्हा, उगीच लफडे नको म्हणून, घरच्यांनी सांगितले की मुलगा गाडीवरून घसरून पडला. केसपेपरवर तेच लिहिले गेले.

आम्ही दुसऱ्या दिवशी भेटावयास गेलो तेव्हा विचारले, “वहिनी, पोलिसांत नोंद केली का?” त्या म्हणाल्या, “मास्तर, ते गृहस्थ फार सज्जन आहेत हो. त्यांस कशाला त्रास द्यायचा?” आम्ही आमचे मत सांगितले, परंतु आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माऊलीशी वाद घालावयाचा नसतो. तीन आठवड्यांनी जखम चिघळली आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. त्या शस्त्रक्रियेच्या खर्चाचा आकडा ऐकताच सज्जन गृहस्थांचा दूरध्वनी लागेनासा झाला. त्यांस आम्ही दुर्जन म्हणणार नाही. पहिल्या दिवशी ते मनापासून बोलले असतील. पण पहिल्या दिवशीचे मन एकविसाव्या दिवशी राहात नाही, हा मनुष्यस्वभाव आहे, आणि नोंद करावयाची ती याचसाठी.

मग वहिनी, मुलाचे मामा आणि आम्ही असे तिघे एका पोलीस ठाण्यात गेलो. त्या ठाण्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. “इतके दिवस कुठे होता? केसपेपरवर तर घसरून पडला असे आहे,” हा पहिला प्रश्न झाला, आणि तो अगदीच गैरवाजवी होता असे आम्हांस म्हणता येत नाही. त्यानंतर मात्र “अर्ज देऊन जा, बघू” असे उत्तर मिळाले. अर्ज दिला. आठ दिवसांनी पाहू गेलो तर अर्ज अर्जच राहिला होता.

येथे थोडे थांबून, पोलीस ठाण्यात जे निरनिराळे कागद होतात त्यांची नावे सांगणे अवश्य आहे. कारण बहुतेक मंडळी “पोलीस रिपोर्ट मिळाला” असे म्हणतात तेव्हा त्यांच्या हाती नेमके काय आहे हे त्यांनाच ठाऊक नसते. आपण दिलेल्या अर्जावर ठाण्याचा शिक्का आणि सही मिळाली तर ती झाली केवळ पोच. ठाण्याच्या दैनंदिनीत दोन ओळी लिहिल्या तर ती झाली स्टेशन डायरीची नोंद. अदखलपात्र म्हणून लिहून घेतले तर लोक त्यास एन.सी. म्हणतात, तीत पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून तपास करीत नाहीत. आणि दखलपात्र गुन्हा म्हणून नोंद झाली, तिला क्रमांक पडला, तर तो प्रथम माहिती अहवाल, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला एफ.आय.आर. या चार कागदांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एन.सी.ची चिठ्ठी घडी घालून देवघरात ठेवून निश्चिंत झालेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालविणे हा स्वतःच दखलपात्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २८१ व्या कलमात हा गुन्हा सांगितला आहे. माणसास दुखापत वा जबर दुखापत झाली तर १२५ वे कलम लागते आणि मृत्यू झाला तर १०६ वे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली असता प्रथम माहिती अहवाल नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दिलेला आहे. आणि नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे त्या अहवालाची प्रत माहिती देणाऱ्यास किंवा पीडितास ताबडतोब व विनामूल्य द्यावयाची आहे. विनामूल्य हा शब्द कायद्यातला आहे, आमच्या पदरचा नव्हे.

आता पुन्हा त्या कुटुंबाकडे वळू. ठाण्यात दाद लागली नाही तर माहितीचा गोषवारा लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवावा अशी तजवीज त्याच १७३ व्या कलमात आहे. तेथेही न लागली तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मुंबईत हे वरिष्ठ अधिकारी म्हणजे त्या परिमंडळाचे पोलीस उपायुक्त होत. आम्ही एका पानाचा अर्ज लिहिला. त्यात विशेषणे ठेवली नाहीत. तारीख, वेळ, जागा, मोटारीचा क्रमांक, ठाण्यात कोणत्या दिवशी अर्ज दिला, एवढेच लिहिले, शिक्क्याच्या पोचेची नक्कल जोडली आणि स्पीड पोस्टाने पाठविला. त्याच आठवड्यात ठाण्यातून बोलावणे आले. ज्या अंमलदाराने जबाब घेतला तो तरुण मुलगा अत्यंत सौजन्याने वागला, हेही सांगितले पाहिजे. एक दिवसपाळी आणि तिच्यावर रात्रपाळी करून तो बसला होता.

मोटारीचा क्रमांक वहिनींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता, आणि रुग्णालयाची पहिली पावती त्या गृहस्थांच्या नावे फाडलेली होती. केसपेपरवरील ‘घसरून पडला’ या दोन शब्दांस तोंड द्यावयास अखेर ती पावतीच उभी राहिली. ज्याचा संबंध नाही असा मनुष्य दुसऱ्याच्या मोडलेल्या पायाचे बिल कशास भरील? रस्त्यालगतच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातील चित्रण मात्र गेले होते. अशी चित्रणे काही दिवसांनी आपोआप पुसली जातात. म्हणून त्यांची मागणी पहिल्या दोन-तीन दिवसांतच लेखी करावी.

जबाबाविषयी आम्ही जरा सविस्तर बोलणार आहोत, कारण हा भाग आमच्या पेशाचा आहे. वर्गात मुलास आम्ही नेहमी सांगत असू की, उत्तरपत्रिका देण्यापूर्वी एकदा वाचून पाहा. जबाब ही त्याहून मोठी उत्तरपत्रिका आहे, आणि तिची फेरतपासणी मोठी कठीण. लिहून घेतलेली माहिती देणाऱ्यास वाचून दाखवावी आणि मग त्याची सही घ्यावी, असे कायदाच सांगतो. त्या मुलाच्या जबाबात ‘उजवा पाय’ असे लिहिले गेले होते. वाचून दाखविताना वहिनींच्या ते ध्यानी आले आणि तेथल्या तेथे ‘डावा’ झाला. सही झाल्यानंतर आले असते तर पुरवणी जबाब द्यावा लागला असता, आणि विमा कंपनीच्या वकिलांनी त्या एका शब्दावर दोन तारखा खाल्ल्या असत्या.

म्हणून जबाब देताना घाई करू नये. नाव आधार पत्रावर जसे आहे तसेच लिहवावे. घरात ‘बाळू’ आणि कागदावर ‘बाळकृष्ण’ असे झाले की पुढे वारसाचा दाखला काढताना नाकी नऊ येतात. मोटारीचा क्रमांक अंक-अंक म्हणून वाचून घ्यावा. जागा सांगताना ‘मुलुंडला’ एवढ्याने भागत नाही. लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे आपला जुना आग्रा रोड, की महात्मा गांधी रस्ता, कोणत्या चौकापासून किती पावले, वाहन कोणत्या दिशेने जात होते, हे सांगावे. जे पाहिले नाही ते सांगू नये. “मोटार शंभरच्या वेगाने होती” असे जोराने सांगणारा गृहस्थ अपघाताच्या वेळी घरी जेवत होता, असे पुढे निघते, आणि मग खरे बोलणाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. उशीर झाला असल्यास त्याचे खरे कारण सांगावे. छापील अहवालात विलंबाच्या कारणासाठी स्वतंत्र रकानाच आहे. उपचाराच्या धावपळीत उशीर होतो हे न्यायालयेही जाणतात. रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, जखमीच्या नातलगांचे पहिले लक्ष त्याच्या उपचाराकडे असणे स्वाभाविक आहे, आणि अहवालास उशीर झाला एवढ्याच कारणाने नुकसानभरपाईचा दावा फेटाळता येत नाही. तथापि हा आधार अडलेल्यांसाठी आहे. आरामात निघण्यासाठी नव्हे.

आता हद्दीचा प्रश्न. मुलुंडकरांस तो विशेष जाचक आहे, कारण आपण मुंबईच्या अगदी वेशीवर राहतो. रेल्वेच्या पूर्वेस नवघर पोलीस ठाणे, पश्चिमेस मुलुंड पोलीस ठाणे. आणि चेकनाक्यापलीकडे पाऊल टाकले की ठाणे शहर पोलीस आयुक्तालय सुरू. टोलनाक्याच्या आसपास अपघात झाला की जखमी मनुष्य मुंबईचा, मोटार तिसऱ्याच जिल्ह्याची आणि रस्त्याचा तो तुकडा कोणाचा यावर दोन बाजूंचे अंमलदार विचार करीत बसलेले, असे दृश्य पूर्वी दिसे. (मोटारींस १५ ऑक्टोबर २०२४ पासून त्या नाक्यावर टोल माफ झाला, पण हद्द काही माफ झाली नाही.) नवीन संहितेत या अडचणीवर उपाय आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ज्या ठाण्यात आपण जाल तेथे माहिती नोंदवून घेतलीच पाहिजे. अशा नोंदीस शून्य क्रमांकाचा अहवाल म्हणतात. तो नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होतो आणि तेथे त्यास खरा क्रमांक मिळतो. हा दुसरा क्रमांक विचारून घेण्यास विसरू नये, कारण पुढील सर्व कागद त्या क्रमांकावर मागावे लागतात. संगणकाच्या वा दूरध्वनीच्या मार्गानेही माहिती देता येते; मात्र तीन दिवसांच्या आत प्रत्यक्ष जाऊन सही करावी लागते.

प्रत हाती आली नाही तर आणखी एक वाट आहे. यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आदेश दिला की, नाजूक स्वरूपाचे गुन्हे वगळता प्रथम माहिती अहवाल चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाणे आणि तारीख घालून तो शोधता येतो. घरातील शाळकरी मुलगा हे पाच मिनिटांत करतो. त्याच्या हातातील यंत्राचा एवढा सदुपयोग झाला तर आम्हांस समाधान वाटेल.

परंतु प्रथम माहिती अहवाल हे केवळ पहिले पान होय. घटनास्थळाचा पंचनामा, जखमांचे वैद्यकीय प्रमाणपत्र, दुर्दैवाने मृत्यू झाला असल्यास मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल, वाहनाची परिवहन विभागाच्या निरीक्षकाने केलेली तपासणी, आणि शेवटी दोषारोपपत्र, असे हे पुस्तक पुढे वाढत जाते. दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर त्याच्या नकला दंडाधिकारी न्यायालयातून रीतसर अर्ज करून मिळतात. समोरच्या वाहनाचा व त्याच्या विम्याचा तपशील मात्र त्यापूर्वीच मिळावयास हवा. भरपाई मागणाऱ्यास तो ठरलेले शुल्क घेऊन द्यावा, असे मोटार वाहन कायद्याच्या १६० व्या कलमात पोलीस व परिवहन कार्यालय या दोघांनाही सांगितले आहे.

१ एप्रिल २०२२ पासून या सर्व व्यवहारास दिवसांचे वेळापत्रक लागू झाले आहे, आणि ते फार थोड्या लोकांस ठाऊक आहे. या पद्धतीचा उगम दिल्ली उच्च न्यायालयातील राजेश त्यागी प्रकरणात आहे. तेथून ती देशाच्या नियमांत आली. तिच्याप्रमाणे तपास अंमलदाराने अठ्ठेचाळीस तासांत प्राथमिक अपघात अहवाल भरपाई न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे पाठवावा आणि पीडितासही द्यावा. दहा दिवसांत पीडितास त्याच्या हक्कांचा छापील तक्ता द्यावा. पन्नास दिवसांत अंतरिम अहवाल व्हावा. पीडिताने आपला स्वतःचा नमुना, म्हणजे वय, मिळकत, अवलंबून असलेली माणसे, औषधोपचाराचा खर्च, साठ दिवसांत भरून पोलिसांस द्यावा. आणि नव्वद दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणात दाखल व्हावा. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम काटेकोर पाळण्याविषयी सर्व राज्यांस निर्देश दिले.

यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, पोलिसांचा हा अहवाल हाच न्यायाधिकरणाने भरपाईचा अर्ज म्हणून समजावा, असे कायद्याच्या १६६ व्या कलमात म्हटले आहे. म्हणजे अंमलदाराच्या टेबलावर जो कागद तयार होतो, त्यावर एखाद्या विधवेचे पुढील वीस वर्षांचे घर चालावयाचे असते. मुलाची मिळकत त्यात ‘मजुरी’ म्हणून मोघम लिहिली गेली आणि पगाराची चिठ्ठी घरात तशीच राहिली, तर भरपाईचा आकडा त्या मोघम शब्दावरून ठरू शकतो. म्हणून साठ दिवसांचा तो नमुना भरताना पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचे पुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला, औषधांची एकूणएक पावती जोडावी, आणि जे दिले त्याची पोच घ्यावी. भगिनींस आमची विशेष विनंती आहे की, घरच्या कर्त्याचे हे कागद कोठे आहेत हे आपण आजच पाहून ठेवावे. पुरुषमंडळी ते स्वतःच्या पाकिटात ठेवून अपघातास निघतात.

स्वतंत्र अर्ज करावयाचा असल्यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे हे खरे. परंतु परीक्षा पुढे ढकलली जाईल या आशेवर अभ्यास न करणाऱ्या मुलाचे काय होते हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. ज्या कुटुंबाची हकीकत सांगितली त्यांचा अर्ज पाचव्या महिन्यात दाखल झाला. तो अद्याप चालू आहे. मुलगा कामावर रुजू झाला आहे, पण उभ्याचे काम त्यास जमत नाही.

मोटार पळून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तरी सारे संपत नाही. अशा अपघातात मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि जबर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये देण्याची केंद्र सरकारची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. पूर्वी याच रकमा २५ हजार आणि १२ हजार ५०० होत्या. त्यासाठी अर्ज महसुली अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो, आणि तेथेही पहिला प्रश्न प्रथम माहिती अहवालाचाच असतो. ५ मे २०२५ पासून अपघातातील जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची सोय झाली, तीसही अपघात खरोखर झाला याची पोलिसांकडील खात्री लागते. रुग्णालयात खरे कारण सांगा असे आम्ही परत परत म्हणतो ते यासाठी.

रस्त्यावरच्या अनोळखी जखमीस उचलावयास आपली मुले कचरतात, कारण पोलीस आपणांसच धरून बसवतील अशी भीती. ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा परोपकारी माणसास संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आले. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.

आता एक कटू गोष्ट. एवढा वेळ आपण जखमीच्या बाजूने बोललो. परंतु या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या वाहनांकडे पाहता उद्या धडक देणारा हातही आपल्याच ज्ञातीतील असू शकेल. तेव्हा त्याने काय करावे? कायद्याचे १३४ वे कलम चालकास सांगते की, जखमीस उपचार मिळवून द्यावेत आणि शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत, पोलिसांस व आपल्या विमा कंपनीस कळवावे. जमाव खवळला असेल तर जागेवर थांबण्याची सूट आहे. ठाण्यात जाण्याची नाही. विमा ज्यासाठी उतरविला तो प्रसंग हाच, मग रात्रीत गाडी गावाकडे पाठवून कोणाचे भले होणार? आणि अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या वडिलांनी हे ऐकून ठेवावे की, अपघात घडल्यास १९९-अ या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड हा पालकास वा वाहनमालकास आहे, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलाच्या वाढदिवसास गाडी भेट दिल्याचे मोठेपण सांगणारे दोन-तीन चेहरे आम्हांस येथून दिसत आहेत. त्यांनी रागावू नये.

आमची संस्थेस एक सूचना आहे. विवाह जुळविण्यासाठी आपली समिती आहे, शिष्यवृत्तीसाठी आहे. तशीच चार-पाच निवृत्त मंडळींची एक लहान तुकडी असावी. अपघात झालेल्या घरातील माणसाबरोबर त्यांनी पहिल्या दोन दिवसांत रुग्णालयात आणि ठाण्यात जाऊन बसावे. बोलण्याची गरज पडत नाही. घरचा माणूस त्या वेळी भांबावलेला असतो. त्याच्याजवळ चष्मा घालून कागद वाचणारा कोणी बसलेला असला की जबाब आपोआप नीट लिहिला जातो, हा आमचा अनुभव आहे. आम्ही आमचे नाव पहिले देतो.

अर्जाचे तीन मसुदे आम्ही सोप्या मराठीत लिहून कार्यवाहांकडे दिले आहेत. पहिला प्रथम माहिती अहवालाच्या प्रतीसाठी, दुसरा पंचनामा व वाहनाच्या विम्याच्या तपशिलासाठी, आणि तिसरा, ठाण्यात दाद न लागल्यास, उपायुक्तांकडे पाठविण्याचा. मुलुंड हे परिमंडळ ७ मध्ये येते, म्हणून त्यावर तसा मायना घातला आहे. अन्यत्र राहणाऱ्यांनी तेवढा बदलून घ्यावा. भोजनानंतर दाराजवळच्या टेबलावर ते ठेवलेले असतील. प्रत्येक घराने एक-एक संच न्यावा, आणि तारीख व नाव यांची जागा सोडली आहे ती तशीच कोरी ठेवावी.